पोलिसांविरुद्ध गाणं करणारा आइस-टी २५ वर्षं टीव्हीवर पोलीस कसा राहिला?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आइस-टी या अमेरिकी रॅपरची गाणी तुम्ही कॉलेजपासून ऐकत आलात. पोलिसाला मारण्याची भाषा करणाऱ्या त्याच्या 'कॉप किलर' या गाण्यावरून अमेरिकेत उठलेला गदारोळ तुम्हाला ठाऊक आहे. आणि आता 'लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट', म्हणजे सगळे म्हणतात ती 'एसव्हीयू', ही लैंगिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पोलिसांची मालिका बघायला घेतलीत, तर हाच गडी पट्ट्याला बिल्ला अडकवून आरोपींना घाम फोडतोय, तोही २००० सालापासून. तुम्ही विचारताय, हा माणूस विकला गेला का? आणि याला अभिनय येतो का, की नुसता उभा राहतो?

मी टीव्ही मालिकांसाठी कास्टिंग करते आणि नव्या कलाकारांचे वर्कशॉप घेते. कोण विकलं गेलं याचा निवाडा करणं माझं काम नाही, आणि ते ज्याच्या त्याच्या तत्त्वांवर ठरतं. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, तो मला जास्त खरा वाटतो. गाण्यात 'मी' म्हणणारा तो माणूस नेमका कोण होता, आणि टीव्हीने त्याच्याकडून काय घेतलं? यावर मी बोलू शकते, कारण रॅप करणारी मुलं ऑडिशनला येतात तेव्हा मीही हेच शोधत असते.

आधी क्रम नीट लावून घेऊ. तुमच्या मनात चित्र असं आहे की आधी ते गाणं, मग वादळ, मग माणूस थंडावला आणि पोलीस झाला. प्रत्यक्षात पडद्यावरचा पोलीस आधी आला. मारिओ व्हॅन पीबल्सचा 'न्यू जॅक सिटी' मार्च १९९१ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात आइस-टी स्कॉटी ॲपलटन नावाचा न्यूयॉर्कचा डिटेक्टिव्ह आहे, क्रॅक हे कोकेन विकणाऱ्या टोळीच्या मागावर असलेला. 'कॉप किलर' ज्या अल्बममध्ये होतं तो बॉडी काउंट या त्याच्या बँडचा अल्बम आला मार्च १९९२ मध्ये, म्हणजे बरोबर वर्षाने. पोलिसाची भूमिका घ्यावी की नाही याबद्दल तो तेव्हा बिचकला होता, आपला ऐकणारा वर्ग काय म्हणेल याची त्याला धास्ती होती, हे त्याने स्वतः सांगितलंय. तरी त्याने ती केली आणि सिनेमा चालला. त्यामुळे 'पूर्वी बंडखोर, नंतर सरळ झाला' ही गोष्ट तारखांच्या हिशेबातच बसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच काळात चालू होत्या.

त्याचं खरं नाव ट्रेसी लॉरेन मॅरो. जन्म १६ फेब्रुवारी १९५८ चा, न्यू जर्सीतल्या नेवार्कचा. तो शाळकरी वयात असताना आई गेली, काही वर्षांत वडीलही गेले, दोघंही हृदयविकाराने. मग पोराला लॉस एंजेलिसला आत्याकडे पाठवलं. तिथे क्रेनशॉ हायस्कूल, आजूबाजूला टोळ्या. पुढे सैन्यात भरती, हवाईमध्ये पोस्टिंग. सैन्यातून बाहेर पडल्यावर दागिन्यांची दुकानं लुटल्याचं तो स्वतःच सांगतो. हे सगळं त्याच्या चाहत्यांना माहीत असतं, म्हणून मी त्यात फार रमत नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्यात मोलाची बाब एकच. हा मुलगा शाळेत असताना आइसबर्ग स्लिम या लेखकाच्या कादंबऱ्या वाचायचा, त्यातले उतारे पाठ करायचा आणि मित्रांना म्हणून दाखवायचा. आइसबर्ग स्लिम हा पूर्वी वेश्यांचा दलाल होता, नंतर लेखक झाला, आणि त्याच्या पुस्तकांतला 'मी' म्हणजे तेच जग. आइस-टी हे नावही तिथूनच आलं.

आता हे माझ्या बाजूने बघा. रॅप सुरू करायच्याही आधी हा पोरगा काय करत होता? दुसऱ्याने लिहिलेला मजकूर, दुसऱ्याच्या तोंडचा 'मी' होऊन, समोर बसलेल्या माणसांना खरा वाटेल असा म्हणत होता. याला आमच्या धंद्यात एकच शब्द आहे. तो शिकायला लोक पैसे भरून वर्कशॉपला येतात.

पुढे त्याने स्वतः लिहायला घेतलं तेव्हाही हाच बाज राहिला. १९८६ चं '६ इन द मॉर्निंग' ऐका. सकाळचे सहा, दारात पोलीस, आणि निवेदक मागच्या बाजूने पळतोय. त्यात नव्या कोऱ्या बुटांचा बाथरूमच्या फरशीवर होणारा आवाजही आहे. तो आवाज मला फार आवडतो. वेळ, जागा, दारात कोण आलंय, आणि अंगावर काटा येईल असा एक बारीक तपशील, सगळं पहिल्या दोन ओळींत. पटकथा लिहिणारी माणसं पहिला सीन असा उघडायला धडपडतात. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या टोळ्यांवरच्या 'कलर्स' या सिनेमाचं शीर्षकगीतही त्याने केलं. तिथेही बोलणारा 'मी' हा टोळीतला पोरगा आहे, आइस-टी नव्हे. थोडक्यात, सहा-सात वर्षं हा माणूस एकामागून एक पात्रं रंगवत होता, फक्त कॅमेऱ्याऐवजी मायक्रोफोनसमोर.

मग १९९२. बॉडी काउंट हा रॅपचा ग्रुप नाही, हे आधी सांगते, कारण तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी सर्रास गोंधळ केला. तो हेवी मेटल बँड आहे, गिटारवर एर्नी सी. 'कॉप किलर' हेही रॉक गाणं, पण गाणारा रॅपर म्हणून सगळ्यांनी त्याला रॅपच ठरवलं. रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांची २९ एप्रिलला निर्दोष सुटका झाली आणि लॉस एंजेलिस पेटलं. अल्बम त्याआधीच बाजारात होता. जूनमध्ये टेक्सासमधल्या पोलिसांच्या एका संघटनेने अल्बम काढणाऱ्या वॉर्नरच्या मालक टाइम वॉर्नर कंपनीवर बहिष्काराची हाक दिली. उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल जाहीर टीका करू लागले, राष्ट्राध्यक्ष बुशही बोलले. जुलैमध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभेत अभिनेता चार्लटन हेस्टन उभा राहिला आणि त्याने अल्बममधले शब्द मोठ्याने वाचून दाखवले. २८ जुलैला आइस-टीने गाणं अल्बममधून काढून घेतल्याचं जाहीर केलं. कंपनीच्या लोकांना धमक्या येत होत्या, असं कारण त्याने दिलं. १९९३ च्या सुरुवातीला तो वॉर्नरमधून बाहेरच पडला आणि पुढचा अल्बम दुसऱ्या कंपनीकडून काढला.

त्या काळात त्याचा बचाव असा होता की गाण्यातला 'मी' हे पात्र आहे. मला पोलीस मारणारा समजत असाल तर अंतराळवीराचं गाणं गाणाऱ्या डेव्हिड बोवीलाही अंतराळवीर समजा, अशा अर्थाचं त्याचं वाक्य गाजलं. वाक्य बिनतोड आहे, पण मला ते अर्धंच पटतं. त्या गाण्यात रॉडनी किंगचं नाव आहे, लॉस एंजेलिसचे तेव्हाचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांचं नाव आहे. बोवीच्या अंतराळवीराला असले जिवंत शत्रू नव्हते. पात्र होतंच, पण त्या पात्राच्या तोंडून येणारा राग खरा होता. नटाला हे नवीन नाही. राग स्वतःचा वापरायचा, कृती पात्राची.

तर टीव्हीने काय घेतलं, तिकडे येते. इथे एक नाव मध्यवर्ती आहे, निर्माता डिक वुल्फ. 'लॉ अँड ऑर्डर'चा सगळा पसारा त्याचा. पण आइस-टी थेट तिथे गेला नाही. १९९५ मध्ये वुल्फच्याच 'न्यूयॉर्क अंडरकव्हर' या मालिकेत तो डॅनी कॉर्ट नावाचा ड्रग्जचा धंदा करणारा खलनायक झाला, आणि त्या कामाला १९९६ मध्ये एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा इमेज पुरस्कार मिळाला. मग १९९७ मध्ये वुल्फने 'प्लेयर्स' आणली. एफबीआयसाठी काम करणारे तुरुंगातून सुटलेले तिघं जण, आणि त्यात आइस-टी प्रमुख भूमिकेत. ती मालिका एका सीझनमध्ये आटोपली. १९९८ मध्ये 'लॉ अँड ऑर्डर'च्या एका टीव्ही-सिनेमात पुन्हा एक छोटी, नकारात्मक छटेची भूमिका. आणि २००० च्या शरद ऋतूत, 'एसव्हीयू'च्या दुसऱ्या सीझनमध्ये, डिटेक्टिव्ह ओडाफिन ट्युटुओला, उर्फ फिन. तेही चार भागांपुरतं ठरलेलं.

कास्टिंगवाल्याच्या नजरेने हा पट फार बोलका आहे. एकाच निर्मात्याने पाच वर्षांत एकाच माणसाला चार जागी बसवून पाहिलं. खलनायक म्हणून जमला. नायक म्हणून नाही जमला. याचा अर्थ 'वाईट नट' असा होत नाही. मालिकेचा नायक प्रत्येक सीन ओढून नेतो, त्याचं प्रेम, त्याची चूक, त्याचं रडणं, सगळं त्याच्या चेहऱ्यावर. आइस-टीचा चेहरा एवढं उघडत नाही. त्याची ताकद बंद चेहऱ्यात आहे. असा नट चार-पाच जणांच्या गटात बसवला की सोनं होतं, एकटा पुढे उभा केला की प्रेक्षक दमतो. वुल्फला हे आधी कळलं की 'प्लेयर्स' पडल्यावर कळलं, कोण जाणे, पण चौथ्या वेळी त्याने नेमकी जागा पकडली.

आणि जोडीला कोण दिला बघा. जॉन मंच, म्हणजे रिचर्ड बेल्झर. बेल्झर मूळचा स्टँड-अप कॉमेडियन. मंच हे पात्र तो १९९३ पासून, 'होमिसाइड' या वेगळ्याच मालिकेपासून करत आला होता, सरकारच्या प्रत्येक गोष्टीत कट-कारस्थान शोधणारा बडबड्या. म्हणजे गाडीत शेजारी शेजारी बसवले ते दोघंही माइकवर वाढलेले. एक अखंड बोलणारा, दुसरा ऐकून तीन शब्दांत विषय मिटवणारा. मंच एखादी थिअरी उलगडत असतो, फिन समोर रस्त्याकडे बघत असतो, मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकदा बघतो, आणि बास. हसू त्या बघण्यावर येतं. टायमिंग दोघांनाही शिकवावं लागलं नसणार. लोकांसमोर उभं राहून गप्प कधी व्हायचं हे दोघं आपापल्या धंद्यात शिकूनच आले होते.

इथे रॅपर मंडळींबद्दल माझा अनुभव सांगते, कारण तुमच्या 'अभिनय येतो का' याचं उत्तर त्यात आहे.

रॅप करणारा मुलगा ऑडिशनला आला की पहिल्या पाच मिनिटांत सगळे खूष होतात. पाठांतर चोख, जीभ साफ, कॅमेऱ्याचं भय नाही. अडचण सुरू होते ती समोर दुसरा नट उभा केल्यावर. मग तीन गोष्टी हमखास दिसतात. एक, प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच वजनाने आपटतो, कारण कानात ताल चालूच असतो. दोन, नजर समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे जाते, जणू तिथे गर्दी आहे. तीन, समोरचा बोलत असताना हा ऐकत नसतो, आपल्या पाळीची वाट बघत असतो. टीव्हीवर निम्मा वेळ कॅमेरा ऐकणाऱ्याच्या क्लोजवर असतो. म्हणजे न ऐकणारा नट निम्मा वेळ पडद्यावर नसल्यासारखाच.

विल स्मिथचं उदाहरण यावर फार छान आहे. 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर' १९९० मध्ये सुरू झाली तेव्हा तो नामांकित रॅपर होता, डीजे जॅझी जेफबरोबर १९८९ चं ग्रॅमी घेतलेला, पण नट म्हणून कोरा. आपण संवाद विसरू या भीतीने त्याने सगळ्यांचेच संवाद पाठ केले होते. सुरुवातीचे भाग नीट बघा, समोरचा नट बोलत असताना याचे ओठ हलताना दिसतात, समोरच्याचेच शब्द पुटपुटताना. हे त्याने नंतर हसत कबूलही केलंय. मी वर्कशॉपमध्ये ही गोष्ट आवर्जून सांगते, कारण पोरांना धीर येतो.

यावर माझा उपाय साधा असतो. मुलाचे सगळे संवाद काढून घ्यायचे आणि त्याला म्हणायचं, या सीनमध्ये तू फक्त ऐक. समोरच्याने काही सांगायचं, आणि याने शेवटी एकच वाक्य विचारायचं, 'काल रात्री कुठे होतास?' त्यात भर द्यायचा नाही, धमकी घालायची नाही, समोरचं जे ऐकलं त्यातून वाक्य जसं येईल तसं येऊ द्यायचं. पहिल्या दिवशी सगळे त्या चार शब्दांचा ठेका करतात. हळूहळू ज्याचं वाक्य सपाट होत जातं आणि डोळे जड होत जातात, तो मुलगा टीव्हीवर चालणार हे मला कळतं.

आइस-टीकडे हे बहुधा उपजत होतं, किंवा त्याच्या रॅपच्या जातीमुळे होतं. तो शब्दांची आतषबाजी करणारा रॅपर कधीच नव्हता. त्याचं रॅप मध्यम लयीचं, सांगितल्यासारखं, एकेक शब्द सुटा ऐकू येणारं. बोलण्यापासून फार लांब नसलेलं. ज्याचं गाणंच निवेदन आहे त्याला संवाद बोलायला फार वाकावं लागत नाही. अतिवेगाने शब्द फेकणाऱ्या रॅपरला टीव्हीवर आणलं तर त्याला आधी सगळं विसरावं लागतं.

आता तुम्ही ज्याला 'नुसता उभा राहतो' म्हणताय त्याकडे. त्याच्यावर होणारे विनोद तुम्ही ऐकले असतीलच. जॉन मुलेनीने तर आपल्या स्टँड-अपमध्ये त्याच्यावर एक अख्खा तुकडा केला होता. इतकी वर्षं याच खात्यात काढूनही हा माणूस दर वेळी गुन्ह्याचा प्रकार पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चकित कसा होतो, असा त्याचा रोख. विनोद अचूक आहे. पण तो नटाचा दोष नाही, लेखकाने त्याला दिलेलं काम आहे. अशा मालिकेत डॉक्टर येऊन शास्त्रीय भाषेत बोलतो, वकील कलमं सांगतो. मध्ये जाहिराती असतात. कोणी तरी मध्येच टीव्ही लावलेला असतो. तेव्हा खोलीत असा एक माणूस लागतो जो जड माहिती रस्त्यावरच्या भाषेत उलटी विचारेल, म्हणजे हा बाबा असं असं करत होता, असंच ना? सगळ्यांनाच हे वाक्य शोभत नाही. सुशिक्षित डॉक्टरीण ते बोलली तर बावळट वाटेल. फिन बोलला तर वाटतं की हा शहानिशा करतोय. प्रेक्षकाच्या वतीने विचारणारा आणि तरीही मूर्ख न दिसणारा नट मिळणं किती कठीण असतं, हे मला विचारा. सगळ्या मालिका शोधत असतात.

त्याच्या अभिनयाला मर्यादा आहेत, हे मी नाकारत नाही. मोठा भावनिक कोसळण्याचा सीन त्याला दिला तर तो कमी पडतो, आणि लेखकही तो सहसा देत नाहीत. पण दीर्घ मालिकेत पात्र वाढतं ते लेखक आणि नट एकमेकांना ओळखायला लागल्यावर. फिनचा मुलगा केन समलैंगिक आहे हे कळल्यावरचा बापाचा अवघडलेपणा घ्या. तिथे आइस-टी काही 'करत' नाही. शब्द सापडत नसलेला बाप दाखवायला बंद चेहरा पुरतो, उलट तोच हवा असतो. नार्कोटिक्समधून, म्हणजे अमली पदार्थविरोधी विभागातून आलेला हा डिटेक्टिव्ह पुढे सार्जंटही झाला. मंच निवृत्त झाला, बाकीचे आले आणि गेले. सुरुवातीच्या चमूपैकी टिकली ती नायिका मारिस्का हार्गिटे, आणि तिच्या पाठोपाठ हाच. चार भागांसाठी आलेला माणूस २५ वर्षं टिकला तर तो सेटवर वेळेवर येत नसेल किंवा संवाद पाठ करत नसेल, असं मानायला मी तरी तयार नाही. ही गोष्ट बाहेरच्यांना क्षुल्लक वाटते. निर्मात्याच्या हिशेबात तिचं वजन प्रतिभेपेक्षा कमी नसतं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून होतं ते सांगायला हवं, नाहीतर कोणीही रॅपर उठून हे करू शकतो असा समज होईल. पहिलं म्हणजे मालिकेचा प्रकार. 'एसव्हीयू'मध्ये दर भागात नवी केस असते, त्यामुळे नटाला स्वतःचं आयुष्य रोज उलगडावं लागत नाही. कौटुंबिक नाट्यात हाच माणूस किती टिकला असता, मला शंका आहे. दुसरं, आठवड्याला एक भाग. रोजच्या मालिकेत दृश्य हाती येतं आणि तासाभरात शूट होतं, तिथे तालमीला वेळच नसतो आणि कच्चा नट उघडा पडतो. तिसरं, डिक वुल्फसारखा निर्माता, जो एक मालिका पडली म्हणून माणूस टाकून देत नाही. चौथं, वय. फिन झाला तेव्हा आइस-टी ४२ वर्षांचा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते २५ व्या वर्षी नसतं. १९८४ च्या 'ब्रेकिन' या सिनेमात तो क्लबातल्या रॅपरच्या छोट्याशा भूमिकेत आहे, ते बघा आणि स्वतः ठरवा.

टीव्हीवर आलेल्या इतर रॅपरांचे रस्ते वेगळे झाले. विल स्मिथची मालिका त्याच्या रॅपर प्रतिमेभोवतीच शिवली गेली. क्वीन लतिफाने १९९३ पासून 'लिव्हिंग सिंगल' केली, गटातलं विनोदी काम, आणि शीर्षकगीतही तिचंच. एलएल कूल जे २००९ पासून २०२३ पर्यंत 'एनसीआयएस: लॉस एंजेलिस'मध्ये होता. एकाचा साचा दुसऱ्याला बसला नसता.

राहिला विकला जाण्याचा मुद्दा. निवाडा करणार नाही म्हटलं होतं, पण समोर दिसतं ते मांडते. फिन असतानाही बॉडी काउंट थांबला नाही. २०१७ च्या 'ब्लडलस्ट' अल्बममध्ये 'ब्लॅक हुडी' हे गाणं आहे, पोलिसांनी गोळी घातलेल्या निःशस्त्र काळ्या तरुणाबद्दलचं. २०२१ मध्ये बँडला 'बम-रश'साठी सर्वोत्तम मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं, आणि तेव्हाही तो दर आठवड्याला टीव्हीवर पोलीसच होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉलीवूड वॉक ऑफ फेमवर तारा मिळाला. गाण्यातला राग विकून त्याने पोलिसाची नोकरी घेतली असं या यादीवरून दिसत नाही. दोन्ही दुकानं चालूच राहिली.

टीका करायचीच तर ती वेगळ्या जागी करावी, आणि २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर अमेरिकेत अनेकांनी ती केलीही. 'एसव्हीयू'सारख्या मालिकांत पोलीस मुळात सज्जन, चिवट, पीडितांसाठी झटणारे दिसतात, आणि वर्षानुवर्षं हेच बघून लोकांची खऱ्या पोलिसांबद्दलची समजूत घडते. त्या समजुतीला आइस-टीच्या चेहऱ्याने जास्त बळ मिळतं, कारण लोक म्हणतात, हा सुद्धा पोलिसांत शोभतो म्हणजे बघा. हा आक्षेप मला विकलं जाण्याच्या आरोपापेक्षा गंभीर वाटतो. कास्टिंग करताना आम्ही चेहऱ्याबरोबर त्याचा इतिहासही विकत घेतो, आणि तो इतिहास मालिकेच्या बाजूने वापरतो. वुल्फच्या मंडळींनी तेच केलं. यात नटाची जबाबदारी किती आणि निर्मात्याची किती, यावर आमच्याच क्षेत्रात दोन तट पडतील. मी निर्मात्याच्या पारड्यात जास्त टाकते.

आता तुम्ही मालिका बघायला घेतलीच आहे, तर एक करून बघा. पहिला सीझन फिनसाठी बघू नका, त्यात तो नाही. दुसऱ्यापासून सुरू करा. मंच आणि फिन एकत्र असलेला कुठलाही सीन लावा आणि आवाज बंद करा. मंच बोलत असताना फक्त फिनकडे बघा, ओठ, डोळे, मान, हात. विल स्मिथच्या पहिल्या सीझनमधल्या एखाद्या भागाला हीच परीक्षा लावा. मग 'अभिनय येतो का' हे तुम्हीच मला इथे खाली लिहून कळवा, आणि सीन कुठला निवडलात तेही लिहा.